एसीई ८४ आला, पण बीपी नॉर्मल आहे: हा रिपोर्ट कसा वाचायचा

तुम्ही विचारलेले आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पत्नीचे वय ३४. काही महिन्यांपासून उजवा डोळा वारंवार लाल होतो, उजेड सहन होत नाही, धूसर दिसते. नेत्रतज्ज्ञांनी युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या मधल्या थराचा दाह, असे सांगून स्टेरॉइडचे थेंब सुरू केले आणि कारण शोधण्यासाठी तपासण्या लिहून दिल्या. त्यात एसीई (अँजिओटेन्सिन-कन्व्हर्टिंग एन्झाइम या एन्झाइमची रक्ततपासणी) ८४ आला. लॅबने शेजारी ८ ते ५२ अशी मर्यादा छापली आहे. मांटू, म्हणजे टीबीसाठी त्वचेत टोचून करतात ती चाचणी, निगेटिव्ह. छातीच्या सीटीत दोन्ही फुफ्फुसांच्या मुळाशी गाठी दिसल्या. बीपी १२०/७८. इंटरनेटवर तुम्ही वाचले की एसीई हे बीपी वाढवणारे एन्झाइम आहे. नात्यातल्या एका डॉक्टरांनी ते कमी करायला रॅमिप्रिल ही बीपीची गोळी सुरू करा म्हटले, तर दुसऱ्या एकांनी गाठी आहेत म्हणजे टीबीच, सहा महिन्यांचा कोर्स लगेच सुरू करा असे सांगितले. आता कोणाचे ऐकायचे, हा तुमचा प्रश्न.

मी छातीविकारांचा डॉक्टर आहे. अशा गाठी आणि असा आकडा घेऊन लोक माझ्याकडे नेहमी येतात, आणि बहुतेकांच्या डोक्यात हाच गोंधळ असतो. तुमच्या पत्नीला मी तपासलेले नाही, सीटीची फिल्म पाहिलेली नाही, त्यामुळे निदान सांगणार नाही. पण एक गोष्ट ठामपणे सांगतो: हा बीपीचा प्रश्नच नाही. खरा प्रश्न असा आहे की छातीतल्या या गाठी कशाच्या आहेत, आणि ते ठरेपर्यंत डोळा कसा जपायचा. एसीईचा आकडा त्या शोधातला एक छोटा साक्षीदार आहे. त्याची साक्ष किती धरायची ते आता पाहू.

आधी हे एन्झाइम करते काय, ते. बीपी खाली गेले किंवा शरीरातले मीठ-पाणी कमी झाले की मूत्रपिंडातून रेनिन नावाचे एन्झाइम रक्तात येते. यकृतात तयार होणाऱ्या एका प्रथिनाचा तुकडा पाडून ते अँजिओटेन्सिन-१ बनवते. हा पदार्थ स्वतः फारसे काही करत नाही. एसीई त्याची शेवटची दोन अमिनो आम्ले कापते, की त्याचे अँजिओटेन्सिन-२ होते. ते रक्तवाहिन्या आवळते, मीठ धरून ठेवायला लावते, आणि बीपी वर येते. ब्रॅडीकायनिन नावाचा, रक्तवाहिन्या सैल करणारा पदार्थही हेच एसीई मोडून टाकते. म्हणजे दोन्ही बाजूंनी त्याचा कल बीपी वाढवण्याकडे. लिओनार्ड स्केग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे एन्झाइम १९५६ साली वेगळे ओळखले. पुढे १९६० च्या दशकात लक्षात आले की हे रूपांतर मोठ्या प्रमाणावर फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत होते. ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषातला घटक एसीईला अडवतो असे दिसले, आणि त्या धाग्यावरून कॅप्टोप्रिल हे औषध तयार झाले. अमेरिकेत त्याला १९८१ साली मान्यता मिळाली. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल ही सगळी त्याच घराण्यातली.

इथपर्यंत तुम्ही वाचलेले बरोबर आहे. चूक होते ती पुढच्या पायरीवर: एसीई बीपी वाढवते, मग रक्तात एसीई जास्त म्हणजे बीपी जास्त. असे होत नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. काम करणारे एसीई रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला घट्ट रोवलेले असते. रक्तात सापडते ते तिथून सुटून आलेले. लॅब मोजते ते हे सुटलेले. शिवाय या सगळ्या साखळीचा वेग ठरतो रेनिनवर. एसीई नेहमीच गरजेपेक्षा जास्त हजर असते. त्यात आणखी थोडी भर पडली म्हणून अँजिओटेन्सिन-२ त्या प्रमाणात वाढत नाही.

याचा उत्तम पुरावा काही डच कुटुंबांत मिळाला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात या लोकांच्या रक्तात एसीई नेहमीच्या कित्येक पट होते. कारण जनुकातला एक बदल: एन्झाइमचा जो भाग ते अस्तराला धरून ठेवतो, तिथेच एक अमिनो आम्ल बदललेले, त्यामुळे ते सहज सुटून रक्तात येत होते. इतके एसीई असूनही त्यांना ना बीपी होते, ना त्यामुळे होणारा हृदयविकार. म्हणून बीपीच्या रुग्णात मी एसीई कधीच मागवत नाही. कमी वयात बीपी, पोटॅशियम कमी, तीन गोळ्यांनीही बीपी आटोक्यात नाही, अशा रुग्णांत रेनिन आणि अल्डोस्टेरॉन तपासतात. ती चाचणी वेगळी, तिचे नियम वेगळे.

आता रॅमिप्रिलबद्दल स्पष्ट बोलतो. कृपया सुरू करू नका. पत्नीचे बीपी १२०/७८ आहे, तिला बीपीच्या गोळीची गरज नाही. गोळी घेतली तर पुढच्या वेळी एसीईचा आकडा नक्की खाली येईल, कारण ही गोळी त्या एन्झाइमलाच अडवते आणि लॅब त्याची काम करण्याची क्षमताच मोजते. पण आतला आजार तिळभरही हलणार नाही, उलट एक खूण पुसली जाईल. आणखी एक गंभीर मुद्दा: या घराण्यातली औषधे गर्भारपणात बाळाच्या मूत्रपिंडांना इजा करतात. ३४ वर्षांच्या स्त्रीला गरज नसताना ती देणे मला मान्य नाही.

याच संदर्भात वाचणाऱ्या इतरांसाठी: तुम्ही बीपीसाठी किंवा हृदयासाठी रॅमिप्रिल, एनालाप्रिल, पेरिंडोप्रिल अशी, नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेली गोळी घेत असाल आणि कोणी एसीई तपासायला सांगितली, तर ते आधी सांगा. तुमचा रिपोर्ट कमी येणार आणि त्याला काही अर्थ उरणार नाही. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. टेल्मिसार्टन, लोसार्टन या 'सार्टन' गटाच्या गोळ्या वेगळ्या जागी काम करतात, एसीईला अडवत नाहीत, त्यामुळे त्यांनी हा अडथळा येत नाही. आणि 'प्रिल'वाल्या गोळीने काहींना महिनोन् महिने कोरडा खोकला येतो. अशा खोकल्यासाठी सीटीपर्यंत पोचलेले रुग्ण मी पाहिले आहेत. गोळी बदलली की खोकला काही आठवड्यांत जातो.

मग नेत्रतज्ज्ञांनी ही तपासणी लिहिली कशाला? कारण सारकॉइडोसिस. या आजारात शरीराच्या संरक्षक पेशी ठिकठिकाणी गोळा होऊन सूक्ष्म गाठी बांधतात. त्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात. फुफ्फुसे आणि त्यांच्या मुळाशी असलेल्या लसिका ग्रंथी ही त्यांची आवडती जागा. त्याखालोखाल त्वचा, डोळे, यकृत, कधी हृदय आणि मेंदू. हा संसर्ग नाही, कॅन्सर नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मूळ कारण अजून पक्के सापडलेले नाही. १९७५ साली जॅक लीबरमन यांनी दाखवले की या रुग्णांच्या रक्तात एसीई वाढलेले असते. पुढे कळले की ग्रॅन्युलोमामधल्या पेशी स्वतःच एसीई बनवतात. म्हणजे इथे हा आकडा अंगात ग्रॅन्युलोमाचा पसारा किती आहे याचा अंदाज देतो. तुमच्या नेत्रतज्ज्ञांना डोळ्याच्या दाहामागे हा आजार असावा अशी शंका आली. डोळ्यातल्या सारकॉइडोसिसच्या आंतरराष्ट्रीय निकषांत एसीई हा एक मुद्दा आहेच. त्यांनी तपासणी योग्यच सांगितली. बीपीशी तिचा काही संबंध नव्हता, एवढे तुम्हाला कोणी समजावले नाही, इतकेच.

आता ८४ या आकड्याकडे येऊ. इथे बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे.

पहिली गोष्ट, मर्यादा लॅबची असते, शरीराची नसते. एसीई मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि त्यांच्या मर्यादाही जुळत नाहीत. काही लॅबमध्ये वरची मर्यादा ५२, काहींत ७० च्या आसपास, तर काही पद्धतींत ८५ पर्यंत नॉर्मल धरतात. तुमच्या लॅबच्या हिशेबात ८४ हा वरच्या मर्यादेच्या साधारण दीडपटीहून थोडा जास्त होतो. तोच आकडा दुसऱ्या पद्धतीत नॉर्मल ठरला असता. म्हणून आकडा एकटा वाचायचा नाही, त्याच्या शेजारची मर्यादा सोबत वाचायची, आणि पुन्हा तपासायचे तर त्याच लॅबमध्ये. मुलांमध्ये एसीई मोठ्यांपेक्षा बरेच जास्त असते. मोठ्यांची मर्यादा छापलेला रिपोर्ट घेऊन दहा-बारा वर्षांच्या मुलाचे आईवडील घाबरून येतात तेव्हा सगळ्यात आधी मी हेच तपासतो.

दुसरी गोष्ट, जन्मतः मिळालेला वाटा. एसीईच्या जनुकात एक तुकडा काहींमध्ये असतो, काहींमध्ये नसतो. आईवडील दोघांकडून तुकडा नसलेली प्रत आली तर रक्तातले एसीई जास्त, दोघांकडून तुकडा असलेली आली तर कमी. निरोगी माणसांतल्या फरकापैकी जवळजवळ निम्मा फरक या एका गोष्टीने होतो. परिणाम असा की कोणाचा ४५ हा त्याच्या नेहमीच्या दुप्पट असू शकतो, आणि कोणाचा ६० हा त्याचा रोजचाच. ही जनुकीय तपासणी करून मर्यादा ठरवावी असे अभ्यासक सुचवतात, पण रोजच्या कामात ती आपल्याकडे होत नाही.

तिसरी गोष्ट, नमुना. एसीई हे जस्तावर चालणारे एन्झाइम आहे. सीबीसीसाठी वापरतात त्या जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असते, आणि ते जस्त पकडून ठेवते. त्या नळीतल्या रक्तावर एसीई केले तर आकडा खोटाच कमी येतो. साध्या, लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या नळीतले सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, लागते. रक्तपेशी फुटल्या किंवा नमुना चरबीने दुधाळ झाला तरी माप बिघडते. तालुक्याच्या ठिकाणी रक्त घेऊन मुंबईच्या मुख्य लॅबला पाठवतात तेव्हा सिरम वेगळे करून थंड ठेवले होते ना, हे विचारायला संकोच करू नका. तुमच्या बाबतीत आकडा जास्त आला आहे, त्यामुळे नळीची चूक झाली असण्याची शक्यता कमी आहे. पत्नीच्या डोळ्यातल्या स्टेरॉइडच्या थेंबांचीही चिंता नको; त्यातून रक्तात जाणारी मात्रा फार थोडी. पोटातून प्रेडनिसोलोन घेतले असते तर मात्र एसीई खाली आले असते.

आता सगळ्यात महत्त्वाचे. एसीई वाढले म्हणजे सारकॉइडोसिस, असे नाही. आणि नॉर्मल आले म्हणजे सारकॉइडोसिस नाही, असेही नाही. सारकॉइडोसिस सिद्ध झालेल्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांत, ढोबळमानाने दहातल्या चारेक जणांत, एसीई नॉर्मल असते. जुना, शांत झालेला आजार असेल तर ते वाढलेले नसतेच. उलट बाजूने, मधुमेह, थायरॉइड जास्त काम करणे, यकृताचा सिरोसिस, दगडाच्या धुळीत काम करणाऱ्यांचा सिलिकोसिस, कुष्ठरोग, काही बुरशीजन्य संसर्ग, यांत ते वाढू शकते. गोशे नावाच्या दुर्मीळ आनुवंशिक आजारात तर फारच वाढते, पण तिथे पानथरी मोठी असते, रक्त कमी असते, चित्र वेगळे असते. आणि टीबीच्याही काही रुग्णांत ते थोडे वर जाते. आपल्या देशात ही गोष्ट विसरून चालत नाही. कुष्ठरोगाचे नाव मी मुद्दाम घेतले, कारण तोही डोळ्याच्या आत दाह करतो. पत्नीच्या अंगावर फिकट, बधिर चट्टा कुठे आहे का, एकदा नीट पाहून घ्या. मर्यादेच्या दुपटीपेक्षा जास्त एसीई असेल तर सारकॉइडोसिसकडे कल बराच वाढतो. तुमचा आकडा तिथे पोचत नाही.

एक हिशेब करून पाहा, म्हणजे आकड्याची किंमत कशावर ठरते ते कळेल. नॉर्मल मर्यादा सहसा अशी आखतात की निरोगी लोकांपैकी मधले ९५ टक्के तिच्यात बसावेत. म्हणजे वरच्या टोकाला अडीच टक्के निरोगी माणसे बाहेर राहणारच. हजार धडधाकट लोकांची एसीई तपासली तर सुमारे २५ जणांचा आकडा 'जास्त' छापून येईल, आणि त्यांतल्या बहुतेक सर्वांना काहीही झालेले नसेल, कारण सारकॉइडोसिस तसा विरळाच. म्हणून कोणी हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये एसीई घालून दिली आणि ती एकटीच वाढलेली आली, लक्षण एकही नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ, तर मी शक्यतो पुढे खणत नाही. तुमच्या पत्नीचे तसे नाही. तिच्याकडे डोळ्याचा दाह आहे, दोन्ही बाजूंना सारख्या जागी गाठी आहेत, मांटू निगेटिव्ह आहे. या चित्रात ८४ ला वजन येते. आणि हे वजन त्याला भोवतालच्या तीन गोष्टी देतात. या तीन गोष्टी असताना एसीई ४० आले असते तरी मी तपास याच दिशेने नेला असता.

मांटूबद्दल थोडे. आपल्याकडे लाखो लोकांच्या अंगात टीबीचे जंतू झोपलेल्या अवस्थेत असतात, त्यामुळे मांटू पॉझिटिव्ह येणे सामान्य आहे. छातीत गाठी आहेत आणि मांटू सपाट आहे, हे सारकॉइडोसिसच्या बाजूने जाते, कारण या आजारात ती प्रतिक्रिया दबते. पण कुपोषण, एचआयव्ही, पोटातून स्टेरॉइड, अंगभर पसरलेला टीबी यांतही ती निगेटिव्ह येते. म्हणजे हीसुद्धा एक साक्षच, निकाल नव्हे.

मग निकाल कोण देतो? गाठीतला तुकडा. छातीच्या दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी बसवलेली असते, तिने श्वासनलिकेच्या आतून गाठ दिसते आणि सुईने तिच्यातला अंश काढता येतो. याला ईबस म्हणतात. पुणे, मुंबई, नागपूरमध्ये हे सर्रास होते, सहसा त्याच दिवशी घरी सोडतात. गळ्यात किंवा काखेत गाठ हाताला लागत असेल, त्वचेवर नवी पुळी किंवा चट्टा असेल, तर तिथला तुकडा आणखी सोपा. म्हणून डॉक्टरांना सगळे अंग दाखवा. काढलेल्या अंशाचे दोन भाग करायला सांगा. एक सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी, दुसरा टीबीच्या सीबीनॅट (टीबीच्या जंतूंचे जनुक शोधणारी झटपट चाचणी) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणे) यांसाठी. अनेक ठिकाणी सगळाच अंश फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या पण जंतू मारणाऱ्या द्रावात, टाकतात आणि मग कल्चर करता येत नाही. हे आधी बोलून ठेवले नाही तर सुई पुन्हा टोचावी लागते.

पॅथॉलॉजिस्टला सारकॉइडोसिसमध्ये घट्ट बांधलेले ग्रॅन्युलोमा दिसतात. टीबीत बहुधा मधोमध पेशी मरून पडलेला भाग असतो. बहुधा म्हणतो, कारण दोघांची सरमिसळ होते. म्हणूनच सीबीनॅट आणि कल्चर लागतात. कल्चरला सहा-आठ आठवडे लागू शकतात. तेवढे दिवस काय करायचे, हे डोळ्याच्या अवस्थेवर ठरते.

याला एक अपवाद आहे. अचानक ताप, दोन्ही घोटे सुजून दुखणे, नडग्यांवर लाल दुखऱ्या गाठी आणि एक्स-रेत दोन्ही बाजूंच्या गाठी, असे एकदम आले तर त्याला लॉफग्रेन सिंड्रोम म्हणतात. ते इतके ठरावीक चित्र आहे की तुकड्याशिवायही निदान करता येते, आणि बहुतेक जण आपोआप बरे होतात. तुमच्या वर्णनात यातले काही नाही, तरी घोटे किंवा नडग्या कधी दुखल्या होत्या का, विचारून पाहा.

दुसऱ्या सल्ल्याबद्दल, म्हणजे लगेच टीबीचा कोर्स. या सल्ल्यामागची भीती मला समजते. आपल्याकडे छातीतल्या गाठींचे सर्वांत सामान्य कारण टीबी हेच आहे, आणि टीबी चुकवणे महागात पडते. पण 'सुरू करून बघू' याचीही किंमत असते. त्या कोर्समधले एथॅम्ब्युटॉल डोळ्याच्या नसेवर परिणाम करू शकते. आधीच दुखऱ्या डोळ्यात नजर कमी झाली तर ती आजाराने झाली की गोळीने, हे ओळखणे कठीण जाते. बाकीच्या गोळ्या यकृताला जड पडू शकतात. सारकॉइडोसिसच्या गाठी कित्येकदा आपोआप लहान होतात, मग श्रेय टीबीच्या गोळ्यांना मिळते आणि खरा आजार नाव न लागता राहतो. माझ्याकडे टीबीचे कोर्स पूर्ण करून, तरीही गाठी आणि डोळा तसाच घेऊन आलेले रुग्ण येतात. त्यांतल्या काहींना तुकडा पहिल्याच महिन्यात काढला असता तर वर्ष वाचले असते. तरीही हे परिस्थितीवर अवलंबून आहे. वजन घटत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, घरात कोणाला टीबी झालेला असेल, सीटीत गाठी एकाच बाजूला आणि मधून मऊ पडलेल्या असतील, तर माझाही कल टीबीकडे जाईल. तुम्ही यातले काही लिहिलेले नाही.

उलट घाईही तितकीच वाईट. 'एसीई वाढलंय, सारकॉइड आहे, पोटातून स्टेरॉइड सुरू करा,' असेही कोणी सांगेल. तुकडा घेण्याआधी स्टेरॉइड दिले तर एसीई पडते, गाठी लहान होतात, आणि टीबी असेल तर तो भडकतो. डोळ्याला धोका असल्यामुळे लगेच स्टेरॉइड द्यावेच लागेल असे नेत्रतज्ज्ञ म्हणाले, तर त्यांनी आणि छातीच्या डॉक्टरांनी फोनवर बोलून ईबस त्याच आठवड्यात उरकावे. असे जमते, फक्त कोणीतरी पुढाकार घ्यावा लागतो. तो तुम्ही घ्या.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार होते, म्हणून जरा थांबून सांगतो: व्हिटॅमिन डीच्या पुड्या. ग्रॅन्युलोमामधल्या पेशी एसीईच बनवतात असे नाही, त्या व्हिटॅमिन डीला त्याच्या कामाच्या, तीव्र रूपात बदलतात, आणि तेही शरीराच्या नियंत्रणाबाहेर. नेहमीच्या रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी कमी दिसते, कारण तिथे साठ्याचे रूप मोजतात आणि ते वापरून संपत असते. मग थकवा आहे, डी कमी आहे, म्हणून आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी आणि कॅल्शियमची गोळी सुरू होते. सारकॉइडोसिस असेल तर रक्तातले कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ, खूप तहान, मूतखडे, आणि दुर्लक्ष झाले तर मूत्रपिंडाला इजा. त्यामुळे निदान होईपर्यंत अशा पुड्या चालू असतील तर थांबवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा, आणि रक्तातले कॅल्शियम व क्रिएटिनिन लगेच करून घ्या. या रिपोर्टची किंमत किरकोळ आहे, पण मला एसीईपेक्षा त्यांची जास्त काळजी वाटते. कॅल्शियम वाढलेले निघाले तर थांबायला वेळ नसतो.

सोबत सीबीसीमध्ये लिम्फोसाइटचा आकडा पाहा. सारकॉइडोसिसमध्ये तो बऱ्याचदा कमी असतो. यकृताच्या तपासण्या आणि ईसीजी करा. ईसीजी का, तर हृदयात ग्रॅन्युलोमा झाल्यास ठोक्यांची लय बिघडते. धडधड किंवा चक्कर येऊन पडणे असे काही झाले असेल तर ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

आतापर्यंतचे एकत्र सांगायचे तर: बीपीसाठी काही करायचे नाही, ८४ हा आकडा सारकॉइडोसिसची शंका वाढवतो पण सिद्ध करत नाही, तुकडा काढल्याशिवाय टीबीचा कोर्स किंवा पोटातून स्टेरॉइड शक्यतो नको, आणि कॅल्शियम आधी तपासायचे.

निदान सारकॉइडोसिस निघाले तर पुढे काय, हेही मनात असेल. फुफ्फुसांच्या मुळाशी फक्त गाठी आहेत आणि फुफ्फुसे स्वच्छ आहेत, अशा अवस्थेत निम्म्याहून जास्त रुग्ण औषधाशिवाय बरे होतात. छातीसाठी कदाचित फक्त लक्ष ठेवले जाईल. डोळ्याचे मात्र तसे नाही. डोळ्याच्या आत दाह राहिला तर काचबिंदू, मोतीबिंदू, पडद्यावर सूज असे होऊन नजर जाते, म्हणून उपचारांचा वेग डोळा ठरवतो, छाती नाही. दोन्ही डोळे तपासून घ्या, एकच लाल होत असला तरी. या आजारात दुसऱ्या डोळ्यात न दुखणारा दाह सापडणे नवल नाही.

आणि एसीई पुन्हा पुन्हा करायची का? सुरुवातीला वाढलेली असेल तर दर काही महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये, एक अंदाज म्हणून पाहायला हरकत नाही. पण स्टेरॉइड सुरू झाल्यावर आकडा पडतो तो काही अंशी थेट औषधामुळे, आणि औषध कमी केले की थोडा वर येतो. तेवढ्यावरून आजार गेला किंवा उलटला असे ठरवू नये. मी गोळीचा डोस एसीईवर कधी वाढवत नाही. श्वासाची तपासणी, एक्स-रे, डोळ्यातला दाह, कॅल्शियम आणि माणसाला स्वतःला कसे वाटते, यांवर वाढवतो. जाता जाता एक शंकाही दूर करतो: कोविडच्या काळात ऐकलेले एसीई-२ हे वेगळे एन्झाइम आहे. या रिपोर्टचा कोविडशी किंवा लशीशी संबंध नाही.

पुढच्या भेटीला सीटीची फक्त छापील रिपोर्टची पाने नेऊ नका, सीडी किंवा फिल्म न्या. थेंबांची नावे, कधीपासून चालू आहेत ते, आणि मधल्या काळात कोणी गोळी किंवा इंजेक्शन दिले असेल तर त्याची चिठ्ठी सोबत ठेवा. गुडघ्यात किंवा पाठीत दिलेले इंजेक्शनसुद्धा पुष्कळदा स्टेरॉइडच असते. छातीच्या डॉक्टरांना सरळ विचारा: 'तुकडा कुठून काढता येईल, आणि त्याचा एक भाग कल्चरला जाईल ना?' आणि त्या भेटीची वाट पाहत असताना डोळा जास्त लाल झाला, दुखू लागला, काळे ठिपके तरंगताना दिसले किंवा नजर आणखी धूसर झाली, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. थेंब मात्र कोणाच्याही सांगण्यावरून अचानक बंद करू नका. कल्चरचा किंवा ईबसचा रिपोर्ट आला की इथेच लिहा, मी वाचून सांगेन.